कोल्हापुरातून देवगडचं लाइटहाउस आणि मच्छी बंदर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

कोकणात एवढी लाइटहाउसं आहेत, मग देवगडच का?

कारण देवगडात किल्ला, लाइटहाउस आणि मासेमारीचं बंदर तिन्ही एकाच टोकाला आहे, गाडी सारखी काढावी लागत नाही. रत्नागिरीलाही रत्नदुर्गाच्या डोंगरावर लाइटहाउस आहे आणि जवळच मिरकरवाड्याचं मोठं बंदर आहे, आंबा घाटानं सरळ रस्ता, तेपण भारी आहे, पण शहराचं ट्रॅफिक आणि गर्दी सोबत येते. वेंगुर्ल्याला आंबोलीवरून उतरायचं, तिथलं बंदर देखणं आहे पण कोल्हापुरातून जरा लांब पडतं. पहिल्यांदाच जाताय, घरची मंडळी बरोबर आहेत आणि दोन दिवस हातात आहेत तर देवगड, हे माझं मत. वाद घालायचा असेल तर मालवणवाले घालतीलच.

कुठल्या घाटानं उतरायचं? गगनबावडा का राधानगरी?

दोन्हीकडनं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि चहा-नाष्टा धरून चार-साडेचार तास लागतात. मॅप तीन तास दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका.

गगनबावड्याकडनं: कळे, साळवण, गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, तिथं मुंबई-गोवा हायवे लागतो, त्यावरून नांदगाव तिठ्यापर्यंत कणकवलीच्या दिशेला यायचं आणि उजवीकडं वळून शिरगाव, तळेबाजार, जामसंडे, देवगड. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ च्या जानेवारीत बंद केला होता तो वर्षभर बंदच राहिला, आता काँक्रीटचा रस्ता झालाय पण पावसाळ्यात दरड आली की परत बंद, त्यामुळं जून ते सप्टेंबर निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा. तो बंद असला की लोक बाजूच्या भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं उतरतात, तो अरुंद आहे, नवख्यानं रात्री नको.

राधानगरीकडनं: राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, फोंडा, नांदगाव तिठा आणि पुढं तेच. हा निपाणी-देवगड रस्ता, आणि मला विचाराल तर बघायला हाच चांगला. वाटेत शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण, पुढं गव्यांचं अभयारण्य. गवा रस्त्यावर आला तर गाडी थांबवा, हॉर्न मारू नका, खाली उतरून सेल्फी तर अजिबात नको, एक टनाच्या आसपासचं जनावर असतंय ते. अंधार पडल्यावर हा रस्ता टाळा, धुकं आणि गवे दोन्ही एकदम भेटतात.

जाताना एक आणि येताना दुसरा असं केलं तर दोन्ही घाट होतात. टाकी कोल्हापुरातच फुल करा, घाटात रेंज मधेमधे जाते म्हणून मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

पहाटे निघून रात्री परत, असं एका दिवसात होतंय का?

होतंय. पण करू नका.

सांगतो का ते. कोल्हापूरचा माणूस पहाटे पाचला निघतो, साडेनऊ-दहाला देवगडात पोचतो आणि तेव्हा बघण्यासारखं काहीच चालू नसतं. लाइटहाउस संध्याकाळचं उघडतं. बंदरावर दुपारचा शुकशुकाट. मग किल्ल्यावर उन्हात फिरायचं, बीचवर चटके खायचे, एक वाजता थाळी हाणायची, झोप आली की गाडीत एसी लावून पडायचं, आणि जिथं खरी मजा चालू होते त्या चार-साडेचारला "चला रे घाट अंधार पडायच्या आत चढायचाय" म्हणून निघायचं. लाइटहाउसची बत्ती लागलेली न बघताच परत. म्हणजे रंकाळ्यावर जाऊन पाणी न बघता पार्किंगमधनं परत आल्यासारखं.

एक रात्र राहा. सकाळी आरामात आठला निघा, दुपारी पोचा, जेवा, झोपा, चारला बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बंदर, मग कुणकेश्वर, आणि जेवून घरी. कोकणात दिवस समुद्राच्या घड्याळानं चालतो, आपल्या नाही, हे एकदा मान्य केलं की सगळं सोपं होतं.

लाइटहाउसची वेळ काय? तिकीट?

साधारण दुपारी चारच्या पुढं सूर्यास्ताच्या आधीपर्यंत लोकांना सोडतात. तिकीट किरकोळ असतं, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडू शकतात. वेळा बदलतात, दुरुस्तीचं काम निघालं किंवा वारं जास्त असलं तर वर सोडतही नाहीत, म्हणून दुपारी जेवताना हॉटेलवाल्याला किंवा लॉजवाल्याला "आज बत्ती चालू आहे का बघायला" एवढं विचारून घ्या. सुट्टे पैसे ठेवा.

ही जागा केंद्र सरकारच्या दीपस्तंभ खात्याची आहे, म्हणजे पर्यटन खात्याचा पॉइंट नाही, चालू ऑफिस आहे. तिथला माणूस तिकीट फाडतो तसाच रात्री बत्तीपण तोच सांभाळतो. "दोन मिनिटं उशीर झाला, सोडा की साहेब" हे आपलं कोल्हापुरी डायलॉग तिथं चालत नाही, आणि चालूपण नये.

किती जुनं आहे ते?

लाइटहाउस १९१५ चं. किल्ला त्याच्या खूप आधीचा, आंग्र्यांच्या काळातला, १७०५ मधे बांधला असं इतिहासात येतं, आणि १८१८ च्या एप्रिलमधे इंग्रजांनी घेतला. तीन बाजूंनी समुद्र, जमिनीकडच्या बाजूला खंदक, आत गणपतीचं देऊळ. किल्ला म्हणून पन्हाळ्याची अपेक्षा ठेवून गेलात तर तासाभरात संपेल, इथं बघायचं ते तटावरून बाहेर.

वर चढायला जमतंय का? आई-बाबा आहेत बरोबर, लहान पोरगं आहे.

आतून गोल जिना असतो, शेवटी अरुंद लोखंडी शिडीवजा पायऱ्या आणि गॅलरीत जायला छोटं दार, वाकून निघावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच थांबावं. खालूनसुद्धा समुद्र दिसतो, काही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

लहान पोराला कडेवर घेऊन शेवटची शिडी चढू नका. हात धरून चढण्याइतकं मोठं असेल तर ठीक. गॅलरीत वारं लई असतं, टोपी, गॉगल, ओढणी, मोबाइल यातलं काहीतरी एक उडतंच, मोबाइलला दोरी असेल तर लावा. साडी नेसून चढणाऱ्या बायका मी बघितल्यात, जमतं, पण पायात सँडल नको, ग्रिप असलेलं काहीतरी घाला. उंचीची भीती असलेल्या माणसाला मागून ढकलत "काय होत नाही चल" करणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्याला आधी वर पाठवा.

वर जाऊन बघायचं काय? नुसता समुद्र?

समुद्र तर आहेच पण तीन गोष्टी बघा.

एक, भिंग. बत्तीच्या भोवती जे काचेच्या कड्याकड्यांचं घुमटासारखं असतं त्याला फ्रेनेल भिंग म्हणतात, फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं १८२० च्या दशकात शोधलं. एक जाडजूड भिंग करायच्या ऐवजी काचेच्या कड्या अशा बसवायच्या की चारीकडं पसरणारा उजेड गोळा होऊन एका पट्ट्यात सरळ बाहेर जाईल. त्यामुळं दिवा त्या मानानं लहान असला तरी उजेड कित्येक किलोमीटर जातो. त्याला हात लावायचा नाही, बोटाचा तेलकट डागसुद्धा चालत नाही. दिवसा त्या खोलीत पडदे ओढलेले दिसले तर नवल करू नका. भिंग उलट दिशेनंपण काम करतं, बाहेरचं ऊन आत एका जागी गोळा केलं तर दिवा आणि वायरिंग जळू शकतं, म्हणून लाइटहाउसमधे दिवसा पडदे लावायची पद्धत आहे. हे पोरांना सांगितलं की शाळेतलं बहिर्वक्र भिंग आणि कागद जाळायचा प्रयोग लगेच डोक्यात शिरतो.

दोन, क्षितिज. किती लांबचं दिसतं याचा सोपा हिशेब आहे, तुमचा डोळा समुद्रापासून जितके मीटर वर आहे त्याचं वर्गमूळ काढा आणि साडेतीनानं गुणा, किलोमीटर मिळतात. वाळूत उभं राहिलं तर साडेचार किलोमीटरच्या आसपास. छत्तीस मीटर वर गेलं की एकवीस. म्हणून तर दिवा उंचावर आणि तोही टेकडीवर बांधतात, दिवा कितीही जोरात लावला तरी पृथ्वीच्या गोलाईच्या खाली असलेल्या बोटीला तो दिसणार नाही. दहावीतल्या पोराला हे गणित वरच करायला लावा.

तीन, मागं वळून बघा. सगळे समुद्राकडं तोंड करून फोटो काढतात आणि मागची खाडी बघतच नाहीत. देवगडचं बंदर खाडीच्या आत आडोशाला आहे, वरून ते नकाशासारखं कळतं. समुद्रात वादळ झालं, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की गुजरातच्या, कर्नाटकच्या बोटीसुद्धा इथं आसऱ्याला येतात, ते का येतात हे वरून एका नजरेत समजतं. पलीकडं पठारावर पवनचक्क्या फिरत असतात.

रात्री बत्ती चालू असताना बघायची तर कुठनं बघायची?

रात्री आत सोडत नाहीत. बीचवर किंवा बंदराकडच्या रस्त्यावर बसा. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या पुढं अंधारायला लागतं, मे मधे सात वाजून जातात.

मोबाइलचं स्टॉपवॉच काढा आणि झोत किती सेकंदांनी येतो ते मोजा. प्रत्येक लाइटहाउसचा झोत वेगळा ठरवलेला असतो, कुणाचा इतक्या सेकंदाला एकदा, कुणाचे दोन पाठोपाठ आणि मग गॅप, आणि बोटीवरच्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं, म्हणजे तांडेलाला, बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, नुसता उजेड दिसला की हे देवगड का विजयदुर्ग ते कळतं. दिवसा तेच काम टॉवरच्या रंगानं होतं, म्हणून लाइटहाउसांना पट्टे मारलेले असतात किंवा चकचकीत एकच रंग असतो, शोभेसाठी नाही. पूर्वी रॉकेलचा दिवा असायचा आणि भिंग फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा, वजन खाली उतरत जायचं आणि भिंग फिरत राहायचं, रात्रीतनं उठून चावी द्यायला माणूस लागायचा. आता वीज, एलईडी आणि बॅकअप.

आता सगळ्यांच्या बोटीवर जीपीएस आहे, मग बत्ती कशाला पाहिजे?

हा प्रश्न बंदरावर विचाराल तर उत्तर मिळतं की जीपीएस बंद पडतो, बॅटरी जाते, पाणी शिरतं, बत्ती दिसतेच. जीपीएस तुम्ही कुठं आहात ते सांगतो, पण रात्री दोनला थकून येताना किनारा समोर डोळ्यांनी दिसणं वेगळं. आणि लहान होड्यांवर सगळ्यांकडं महागाची उपकरणं नसतात. देशाच्या कायद्यातसुद्धा हे बदललंय, १९२७ चा लाइटहाउसचा कायदा जाऊन २०२१ मधे नवा आला आणि त्यात रेडिओ, उपग्रह अशा सगळ्या मदतीच्या साधनांचा विचार आहे, पण बत्त्या काही काढून टाकलेल्या नाहीत. उलट २०२४ मधे देशभरातल्या ७५ लाइटहाउसवर पर्यटकांसाठी सोयी केल्याचं जाहीर झालं.

बंदरावर मच्छीचा लिलाव किती वाजता?

ठरलेली वेळ सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बोटी लागल्या की लिलाव. लहान होड्या सकाळी येतात, दिवसाच्या फेरीच्या संध्याकाळी, आणि बर्फ घेऊन लांब गेलेले ट्रॉलर काही दिवसांनी. संध्याकाळी चार ते सात आणि सकाळी उजाडल्यापासून आठ-नऊपर्यंत चक्कर मारली तर काही ना काही चालू सापडतंच.

सोपी युक्ती, बर्फाच्या गाड्या आणि टेम्पो बंदराकडं जाताना दिसले की त्यांच्या मागं जा.

लिलावात आपण बोली लावू शकतो का?

लावायला कोण अडवत नाही पण तुम्हाला चाळीस किलो बांगडा करायचाय काय? क्रेटच्या क्रेट व्यापाऱ्यांना जातात, बोली इतकी भरभर चालते की कोण कितीला घेतंय ते आपल्याला कळायच्या आत पुढची टोपली ओतलेली असते. लिलावात घेऊन बाजूलाच वाटे लावून बसलेल्या मावश्या असतात, त्यांच्याकडून घ्या. भाव करा, पण अर्ध्यावर मागू नका. त्या माशात डिझेल आहे, बर्फ आहे, खलाशांचा वाटा आहे आणि रात्रभराचं जागरण आहे. दोन मावश्यांना भाव विचारून तिसरीकडं घेतलंत तर पहिल्या दोघी काय बोलतात ते मालवणीत असतं, समजलं नाही तर बरंच.

साफ करून देणाऱ्या बायका तिथंच बसतात, त्याचे पैसे वेगळे.

मासा ताजा कसा ओळखायचा? आम्हाला तर सुरमई आणि पापलेट सोडून नावंपण येत नाहीत.

डोळा बघा, फुगीर आणि काचेसारखा पाहिजे, आत बसलेला आणि पांढुरका असेल तर सोडा. कल्ला उचलून बघा, लालभडक पाहिजे, चॉकलेटी नको. बोटानं दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. पापलेट कल्ल्याजवळ दाबून बघतात, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर जुनं. बांगडा हातात आडवा धरला तर ताठ राहिला पाहिजे. शिंपल्या बंद असलेल्याच घ्या, खेकडा हातात जड लागला पाहिजे.

नावांचं म्हणाल तर आधी एक समजून घ्या, आपल्याकडं जी सुरमई ती तिथं इसवण म्हणून पुकारली तर गोंधळू नका. आणि दरवेळी सुरमई-पापलेटच कशाला. बंदरावर गेलाय तर कोल्हापुरात सहसा न मिळणारं घ्या की, मुडदुशे, सौंदाळे, तारली, पेडवे, लेपी, म्हाकूल. तारली-पेडव्यात काटे आहेत हे खरं पण चव बघितली की काटे काढायला माणूस स्वतः शिकतो. पावसाळा संपल्यावर बांगडा आणि तारली भरपूर असते तेव्हा ती स्वस्त आणि चवीला एक नंबर. महाग ते चांगलं हा हिशेब मच्छीला लागू नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

अॅप आहेत, बघा. पण कोकणातला जुना हिशेब माहीत असला की कॅलेंडरवरच काम होतं: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढंमागं पूर्ण ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं पण बीचवर कधी जायचं एवढं ठरवायला बास.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, पाणी लई वर येतं आणि लई लांबही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची, फरक कमी. खडकांवर फिरायचं असेल तर ओहोटी चालू असताना जा, भरती चालू झाल्यावर नाही. परत यायची वाट मागनं कधी बुडते कळत नाही.

पोहायला चालतंय का?

गुडघ्यापर्यंत. पंचगंगेत सूर मारणाऱ्याला समुद्र येतोच असं नाही, दरवर्षी घाटावरची पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात त्या याच समजुतीमुळं. किल्ल्याखालच्या खडकात अजिबात नको. पाण्यानं आत ओढलं तर किनाऱ्याकडं सरळ पोहत दम घालवू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला जा आणि मग बाहेर या. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांसाठी माझ्याकडं टिप नाही.

पावसाळ्यात जावं का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, माशांचा अंडी घालायचा काळ आणि खवळलेला समुद्र दोन्ही कारणं. तेव्हा बोटी ओढून वर घेतलेल्या, वर ताडपत्री किंवा झापं, जाळी विणायचं-सांधायचं काम चालू. लिलाव बघायचा असेल तर हा काळ नाही. पण बंदर बघायचं असेल, माणसांशी बोलायचं असेल तर यासारखा निवांत वेळ नाही, हंगामात कुणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. या दिवसांत ताजी सुरमई म्हणून कुणी ताट वाढलं तर ती बर्फातली आहे हे समजून खा, खाडीचे मासे, खेकडे, कालवं मागा आणि सुक्या बांगड्यावर या.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, त्यानंतर हंगाम खरा सुरू झाला असं मानणारे अजून आहेत. बंदरावर मिरवणूक असते, जमलं तर तो दिवस धरा. बोटिंग, स्कुबा वगैरे मात्र मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतं, त्यासाठी तसंही मालवण-तारकर्ली.

बेस्ट महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे मधे आंबा आहे पण घाम आणि गर्दीपण आहे.

फोटो आणि ड्रोन?

लाइटहाउसच्या आवारात ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. मोबाइल फोटो चालतो, तरी विचारून. बंदरावर माणसांचे क्लोजअप काढायच्या आधी विचारा, मासे विकणारी बाई म्हणजे तुमच्या रीलचं बॅकग्राउंड नाही. विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, वर एखादी थट्टापण ऐकवतात.

बंदरावर काय करू नये?

वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नका, ती हजारोंची असतात आणि एक चप्पल अडकली की गाठ फाटते. दोरखंड ताणलेला असेल तर त्याच्या जवळ उभं राहू नका. बोटीवर या म्हणाले तर चपला काढून चढा. जमीन ओली आणि निसरडी असते, नवे स्पोर्ट शूज घालून गेलात तर तो वास गाडीत कोल्हापूरपर्यंत येईल. नाकाला रुमाल लावून फिरू नका, दिसायला लई वाईट दिसतं ते.

आणि पर्ससीन (माशांचा थवाच्या थवा घेरणारं मोठं जाळं), एलईडी लाइटची मासेमारी हे विषय उगाच काढू नका. एलईडीनं मासे गोळा करून पकडायला केंद्रानं २०१७ मधे बंदी घातली, पर्ससीनवरही राज्याचे निर्बंध आहेत, तरी पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटीवाले यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, बोटी पकडणं, जाळपोळ इथपर्यंत गेलंय कोकणात. कुणी स्वतः बोललं तर मन लावून ऐका, शिकायला मिळतं. आपण घाटावरून येऊन निकाल द्यायचा नाही.

मासे कोल्हापूरला न्यायचेत, टिकतात का?

टिकतात, पण पिशवीत घालून डिकीत टाकायचे नाहीत. थर्माकोलचा बॉक्स बंदराजवळच मिळतो, खाली बर्फ, मग मासे, मग बर्फ, असे थर, मासे जेवढे तेवढाच बर्फ वजनाला. कोथळा काढून घ्या पण तुकडे घरी करा. बर्फाचं पाणी साठू देऊ नका, बॉक्सखाली प्लास्टिक आणि जुना टॉवेल.

बांगडा, सुरमई, ट्यूना, तारली यांना तर बर्फ लगेच पाहिजे. हे मासे उबेला राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून किंवा तळून जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, खाज, डोकं दुखणं असा त्रास होतो, लोकांना वाटतं मच्छीची अॅलर्जी आली. म्हणून मच्छी सगळ्यात शेवटी, निघतानाच घ्या. मच्छी डिकीत ठेवून कुणकेश्वरला दर्शन, मग आइस्क्रीम, मग घाटात भजी असा कार्यक्रम करायचा नाही.

सुकी मच्छी घेत असाल तर तीन पिशव्यांत बांधा. तरी वास येणारच.

आम्हाला तिखट लागतं, तिकडचं जेवण चालेल का?

तिकडं नारळ जास्त आणि तिखट आपल्यापेक्षा कमी, हे आधीच सांगतो. तांबडा रस्सा मागू नका. बांगड्याचं तिखलं मागा, तिरफळ घातलेलं, ते जिभेला वेगळंच झिणझिणतं. भात आणि सोलकढी पोटभर घ्या. भाकरी तांदळाची असते. सकाळी घावणे किंवा आंबोळी, बरोबर चटणी किंवा उसळ. बरोबर कोण शाकाहारी असेल तर फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, वालाची उसळ मिळते, पण खानावळीत सकाळीच सांगून ठेवा.

थाळी खाताना माशाचा दर आधी विचारा, तुकड्याच्या साइजवर थाळीचा भाव असतो आणि बिल आल्यावर होणारं तोंड टळतं.

गाडी नाही, एसटीनं होईल का?

सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बस स्टँडवरून, कोकणात गाड्या आहेत, देवगडची थेट वेळ जमली नाही तर कणकवलीपर्यंत जाऊन बदला. स्थानिक फिरायला रिक्षा. रेल्वेचं म्हणाल तर कोल्हापूर-वैभववाडी मार्ग १०७ किलोमीटरचा, २०१६ च्या रेल्वे बजेटमधे आला, तेव्हापासून आपण वाट बघतोय. पोरांची लग्नं होतील तोवर.

आंबे कधी आणि कुठनं घ्यायचे?

एप्रिल-मे. जामसंड्यात आणि रस्त्याकडेला बागायतदार थेट विकतात. हापूसला २०१८ मधे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात सिंधुदुर्ग आहे. पेटी उघडून वरचा नाही, खालच्या थरातला आंबा हातात घेऊन बघा, देठाजवळ वास घ्या. पूर्ण पिकलेले घेऊन घाट चढू नका, थोडे कडक घ्या आणि घरी गवतात घाला.

दुसऱ्या दिवशी अजून काय होईल?

कुणकेश्वर. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलामुळं आता देवगडहून अगदी जवळ आलंय, समुद्राला लागून देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते तेव्हा गाडी घेऊन जाऊ नका. विजयदुर्ग उलट्या बाजूला, तो किल्ला नीट बघायचा तर अर्धा दिवस लागतो, तेव्हा एकतर कुणकेश्वर करा नाहीतर विजयदुर्ग, दोन्ही एकाच सकाळी कोंबू नका.

परत किती वाजता निघायचं?

जेवून दोनच्या आत. घाट उजेडात चढून झाला की गगनबावड्याला चहा प्या, बॉक्समधलं बर्फाचं पाणी काढून टाका, बर्फ कमी वाटला तर तिथंच भरून घ्या.